काढा म्हणजे काढा!

"घराला चार हात लावले की किंमत कशी टुणकन उडी मारते, बघच तू!" तात्यांनी असं छातीठोक सांगितलं, तेव्हा दलालाच्या हातातला चहा बशीत सांडला.

तात्यांनी चाळीस वर्षं एका बड्या कचेरीत लिफ्ट चालवली होती. हजारो माणसं वर नेली, मग एका घराची किंमत वर न्यायला असा कितीसा वेळ लागणार? गंमत अशी, की ते स्वतः राहत होते तिसऱ्या मजल्यावर आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती! काकूंचे गुडघे त्या जिन्याने पार कुरतडले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीशेजारी तळमजल्यावरचं घर रिकामं झालं होतं. त्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. तोवर हे घर विकलं तर ते मिळणार, नाहीतर काकू आणि जिना, जन्माची गाठ!

"तात्या, ऐका माझं," दलाल म्हणाला. "गळका नळ बदला, रंगाचा एक हात मारा आणि गप्प बसा. तुमची हौस ती घेणाऱ्याचं ओझं! कुणी त्याचे जास्त पैसे देत नाही."

"तू आपला कुलपं उघडणारा माणूस! तुला घरातलं काय कळतं?"

घरी येईपर्यंत तात्यांचा बेत पक्का झाला. मागच्या खोलीत एकच खिडकी होती, तिथे दुसरी करायची. लख्ख उजेड! पुढच्या खोलीतल्या ठेंगण्या माळ्याने आजवर प्रत्येक पाहुण्याचं कपाळ फोडलं होतं, तो उडवायचा. आणि दारावर रंगाने एक झोकदार वेल रंगवायची, म्हणजे घेणारा उंबऱ्यातच घायाळ!

"गवंड्याला समोर बसवून नीट सांगा हो," काकू म्हणाल्या.

"सांगायचं कशाला? लेखी द्यायचं! बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं!"

तात्या साठीनंतर नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले होते. लिहायची हौस दांडगी, पण हात गोगलगायीचा. त्यामुळे एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चायचा नाही, हा त्यांचा नियम. अर्धा तास पेन्सिल चोखून चिठ्ठी तयार झाली.

मागची खोली, खिडकी काढा.
पुढची खोली, माळा काढा.
दार, वेल काढा.

"बघ! एकच शब्द आणि तीन कामं! आहे की नाही?" चिठ्ठी आणि किल्ली गवंड्याच्या हाती देऊन दोघं चार दिवस बहिणीकडे गेले.

दुसऱ्याच दिवशी गवंड्याचा फोन आला.

"तात्या, खिडकी काढू ना? एकच आहे हो!"

"अरे, एकच आहे म्हणून तर काढ म्हणतोय!"

"बरं. आणि माळा? माळा एक आहे की!"

"आहे म्हणून तर काढ म्हणतोय!"

गवंडी हळूच म्हणाला, "आणि ती वेल... काकूंना चालेल ना?"

"काकू नाचतील! हे बघ, काढा म्हणजे काढा! लेखी दिलंय ना? मग तोंड कशाला वाजवतोस?"

तात्या फोन ठेवून बायकोकडे वळले. "बघ. लिहिलेलं नसतं तर या गड्याने केवढा घोळ घातला असता!"

शनिवारी संध्याकाळी दोघं परतले. काकू कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात वर पोचल्या आणि दारापाशीच थबकल्या. चौकटीवर त्यांनी डब्यात लावून नऊ वर्षं वाढवलेली हिरवीगार वेल असायची. ती आता नव्हती! दार न्हाव्याकडून आल्यासारखं गुळगुळीत!

"मुळापासून काढली, काकू," गवंडी अभिमानाने म्हणाला. "पान ठेवलं नाही! टाकायला जीव होईना म्हणून बादलीत घालून ठेवलीय तेवढी."

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून थेट तळाला यावी तसं तात्यांचं काळीज आलं. ते घाईने आत शिरले. ठण्ण! जुन्या माळ्यावर डोकं. मागे सरकले. ठण्ण! समोरच्या भिंतीला दुसरा माळा! नवा कोरा! मधे एवढीशी बोळ. त्या खोलीत आता कुणीही आलं, की वाकून नमस्कार करतच येणार!

"आणि खिडकी?" तात्यांचा आवाज चिरकला.

"काढली की! विटा लावून गिलावा केला. हात फिरवून बघा, कुठे होती ते कळायचं नाही!"

मागच्या खोलीत अंधार इतका दाट होता, की सुरीने कापून वड्या पाडाव्यात.

"अरे शहाण्या, भरल्या घरातली खिडकी कुणी बुजवतं?"

"मला वाटलं, पलीकडच्या वहिनींशी बिनसलं असेल. घरगुती गोष्ट, म्हणून जास्त विचारलं नाही!"

काकू मात्र बादलीपाशी बसून वेलीची मुळं चाचपत राहिल्या. तात्यांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक हजर! दलालाने पाठवलेली, रात्रपाळी करणारी नर्सबाई, उंचीने बेताची. दोन्ही माळ्यांखालून ती ताठ मानेने चालत गेली. मागच्या खोलीत शिरली. तात्यांनी डोळे मिटले. संपलं सगळं!

"अहो, काय अंधार आहे हा!" आतून आवाज आला. "तीन वर्षं मी दिवसा झोपायला खिडक्यांना चादरी ठोकतेय! मला घर पसंत आहे. एक माळा तेवढा पाडून घेईन मी. मंगळवारी विसार घेऊन येते."

तात्यांची छाती फुगली. "मुद्दामच केलंय ते, बाई! पुढचा विचार!"

"किंमत दलालांनी सांगितली तीच ना?"

छाती जागेवर आली. पहिल्या दिवशी, काहीच केलं नव्हतं तेव्हा सांगितली होती, तीच! पण काकूंचा चेहरा उजळला होता. तळमजला मिळणार होता!

आता दलालाच्या दुकानाच्या काचेवर लावलेली घराची जाहिरात उतरवायला हवी. रविवार म्हणून दुकान बंद. काकू म्हणाल्या, "उद्या जाऊन सांगा."

"सांगायचं कशाला?" तात्यांनी पेन्सिल चोखली आणि दुकानाच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. जाहिरात काढा.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. बाहेर सतरा माणसं! जिनाभर रांग! प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र आणि त्यात दलालाने हौसेने काढलेली चौकटीतली जाहिरात! खालून नर्सबाई वर येत होती, रात्रीच्या जागरणाने लाल डोळे, हातात पाकीट. तिने रांग पाहिली.

"माझ्याशी ठरवून वर लिलाव मांडलाय? ठेवा तुमचं घर तुम्हाला!" ती गर्रकन वळली.

"अहो बाई! थांबा!" तात्या ओरडले, पण सतरा माणसांत अडकले. आणि मग सगळ्यांनी पाहिलं. ज्या गुडघ्यांसाठी घर विकायचं होतं, ते गुडघे घेऊन काकू तीन जिने धावत उतरल्या! कठडा न धरता! थेट फाटकात नर्सबाईचा हात पकडला आणि धापा टाकत म्हणाल्या, "बाई, आमच्या ह्यांना लिहिता येतं हो, तेवढं एक माफ करा!"

विसार घेतला. माणसं गेली. नर्सबाईने जाण्याआधी काकूंच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधून दिल्या. काकूंनी पाय लांब केले, वेलीची बादली जवळ ओढली आणि तळहात पुढे केला.

"अहो, पेन्सिल काढा."

तात्यांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आधी विचारून घेतलं.

"खिशातून ना? का... कागदावर?"