हाकेचे प्रमाणित अंतर

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एका गृहस्थांनी तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत उभे राहून बसस्थानकाला हाक मारली. बसस्थानकाने ओ दिली नाही.

गृहस्थ घर बघायला आले होते. ते शाळेत कवायत शिकवत. पाचशे मुलांना एका दमात डावीकडे वळवणारा गळा होता त्यांचा. त्यांनी आणखी एकदा हाक मारली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या, खाली एक सायकलवाला पाय टेकून उगाचच वर बघू लागला. मास्तरांनी अर्धे मिनिट वाट पाहिली, खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि एजंटापुढे धरले.

"वाचा."

"काय वाचू सर, मीच लिहिलंय ते."

"मोठ्यानं वाचा."

एजंटाने वाचले. 'प्रशस्त, हवेशीर, दोन बेडरूमचे घर. शांत, निसर्गरम्य परिसर. बसस्थानक हाकेच्या अंतरावर. त्वरा करा.'

"मी हाक मारली," मास्तर म्हणाले. "दोनदा."

"सर, ती बोलायची पद्धत असते हो."

"मग दोन बेडरूम हीसुद्धा बोलायची पद्धतच का?"

दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग मावत होता. फक्त तो ठेवल्यावर दार लागत नव्हते. निसर्ग समोरच्या गच्चीवर तीन कुंड्यांत होता.

घराचे मालक हे सगळे खुर्चीत बसून ऐकत होते. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि अख्खी इमारत त्यांना मापसाहेब म्हणे. एकतीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, खालून चेपलेली लिटरची मापे जप्त केली, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्यांतला अर्धा सेंटिमीटर पकडला. जाहिरातीचा मसुदा एजंटाने त्यांना आधी दाखवला होता. त्यांनी लाल पेनाने 'हाकेच्या' या शब्दाखाली रेघ ओढली होती, थोडा वेळ त्या रेघेकडे बघितले होते आणि मसुदा तसाच परत केला होता. दुसऱ्या कुणाच्या घराची जाहिरात असती तर तसाच परत केला नसता.

कारण स्वयंपाकघरात होते. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि मापसाहेबांच्या पत्नीच्या गुडघ्यांनी आठ महिन्यांपूर्वी जिना सोडला होता. तेव्हापासून काकू खाली उतरल्या नव्हत्या. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरचे एक घर बघून ठेवले होते. दारासमोर पायरी नव्हती, जांभळाचे झाड होते. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढं माझाही नाइलाज आहे." हे घर गेले तरच ते घर मिळणार होते.

"घर मला पसंत आहे," मास्तर म्हणाले. "पण खोट्या मापाचं घर मी घेणार नाही. माप सिद्ध करा, उद्या सही करतो."

एवढे बोलून ते थांबले असते, एजंट काहीतरी गोड बोलला असता आणि 'हाकेच्या'च्या जागी 'पायी' घालून विषय मिटला असता. पण 'माप सिद्ध करा' हे शब्द मापसाहेबांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते. ते खुर्चीतून उठले.

"याला रीतसर मार्ग आहे," ते म्हणाले.

"काका, नको," एजंट म्हणाला. "हात जोडतो. रीतसर नको."

त्याच दिवशी मापसाहेबांनी आपल्या जुन्या कार्यालयाच्या नावे अर्ज लिहिला. विषय: विक्रीच्या जाहिरातीत वापरलेले 'हाक' हे माप प्रमाणित करून मिळणेबाबत. काकूंनी पोळपाटावरून मान वर केली. "अहो, घर विकायचंय की हाक?"

"आठ दिवसांचं काम आहे."

"तुमच्या खात्यात? आठ दिवसांत?"

"मी तिथं होतो तेव्हा व्हायचं."

"तुम्ही तिथं होतात तेव्हा मी घरी होते. मला माहितेय किती दिवस लागायचे ते."

कार्यालयात मापसाहेबांच्या हाताखाली तयार झालेला निरीक्षक आता त्यांच्याच टेबलावर बसत होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा सांगितला आणि अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, प्रमाणित नसलेलं माप व्यापारात वापरणं हा गुन्हा आहे."

"म्हणूनच प्रमाणित करायला आणलंय."

"पण वापरून झालंय ना. जाहिरात छापून आली." निरीक्षकाला मनापासून वाईट वाटत होते. "तुम्हीच शिकवलंत, ओळखीच्या दुकानदाराचा तराजू आधी तपासावा. निर्णय होईपर्यंत विक्री स्थगित ठेवावी लागेल, साहेब. चहा घ्या, निवतोय."

नोटीस तिसऱ्या दिवशी घरी आली. तीत म्हटले होते की, किलो व मीटर यांच्या प्रमाणित प्रती कार्यालयात कुलपात आहेत. तथापि हाकेची प्रत उपलब्ध नाही. सबब ती तयार करण्यासाठी हाक कोणाची, कोणत्या वयाची, उपाशीपोटी की जेवल्यावर, तसेच गरजेची की सहज मारलेली, हे ठरवावे लागेल. शिवाय ज्या हाकेला ओ येत नाही तिला हाक म्हणावे की नुसता आवाज, यावर विधी शाखेचा अभिप्राय मागवला आहे.

अभिप्राय बारा दिवसांनी आला. ओ आल्याखेरीज हाक पूर्ण होत नाही, असे विधी शाखेचे मत पडले. मग निरीक्षक स्वतः बसस्थानकावर जाऊन आला. चौकशीच्या खिडकीतला कारकून काचेला नाक लावून उभ्या असलेल्या प्रवाशालाही ओ देत नव्हता. निरीक्षकाने ही बाब नोंदवली आणि गॅलरीपासून त्या खिडकीपर्यंतचे अंतर मोजले. ते अकराशे चाळीस मीटर भरले.

"आता प्रत्यक्ष चाचणी," त्याने मापसाहेबांना फोनवर सांगितले. "मंगळवारी सकाळी साडेआठला."

मंगळवार हा महिन्याचा शेवटून दुसरा दिवस होता.

एजंटाने आपल्या परीने तयारी केली. एसटीवर सामान चढवणारा एक हमाल त्याने गाठला, त्याला इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसवले आणि बजावले, "बरोबर साडेआठला ओ द्यायची. लांबून आल्यासारखी. घड्याळ आहे ना?" हमालाकडे घड्याळ होते आणि ते अचूक होते. ही दुसरी गोष्ट एजंटाने धरली नव्हती.

निरीक्षक आठ पंचविसाला आला. सोबत कोर्टात नावे पुकारण्यात हयात घालवलेला एक निवृत्त शिपाई होता. प्रमाणित हाकेसाठी त्याची नेमणूक झाली होती. मास्तर आले. एजंट आला. सगळे गॅलरीत उभे राहिले. मापसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिपायाने खाकरून घसा साफ केला, पाणी मागितले, दोन घोट घेतले, पुन्हा खाकरला.

"ओऽऽऽ!" गच्चीवरून आवाज आला.

सगळ्यांनी शिपायाकडे पाहिले. त्याच्या तोंडात पाणी होते.

"बसस्थानकाची सेवा हल्ली फार तत्पर झालीय," एजंट म्हणाला.

निरीक्षकाने घड्याळ पाहून लिहिले: 'आठ तीस. हाक: निरंक. ओ: एक.' मग त्याने मान वर करून विचारले, "सुरू करायचं?"

शिपायाने गॅलरीच्या कठड्यावर हात टेकले आणि बसस्थानकाला पुकारले. सवयीने तीनदा पुकारले, मध्ये कोर्टाच्या शिस्तीत थांबला, आणि तिसऱ्यांदा उत्तर आले नाही तेव्हा सवयीनेच म्हणाला, "गैरहजर."

मापसाहेब कठड्यावरून वाकून, हात कानाशी नेऊन ऐकत होते. आयुष्यात इतक्या एकाग्रतेने त्यांनी क्वचितच काही ऐकले असेल. लांब कुठेतरी ट्रक मागे येत होता. कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी कपडे आपटत होते. ओ नव्हती.

"वारा उलटा आहे," एजंट म्हणाला.

"वारा नाहीच आहे," मास्तर म्हणाले.

निरीक्षक मात्र गॅलरीकडे पाठ करून, दाराच्या चौकटीला टेकून लिहीत होता. त्याने लिहिणे संपवले, पिशवीतून टेप काढली आणि तिचे टोक मापसाहेबांच्या हातात दिले. "हे जरा धरा साहेब." टेप उलगडत तो बाहेरची खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेला.

ओट्याला दोन्ही हातांनी धरून काकू उभ्या होत्या. गुडघा आखडला होता. पाय पुढे टाकता येत नव्हता आणि खाली बसता येत नव्हते. खुर्च्या सगळ्या पाहुण्यांसाठी बाहेर नेल्या होत्या.

"सहा मीटर, चाळीस सेंटिमीटर," निरीक्षक तिथूनच म्हणाला.

मापसाहेब टेपचे टोक हातात धरूनच आत आले. "काय झालं? हाक तरी मारायची."

"मारली," काकू म्हणाल्या.

"कधी?"

"आठ तेहतीस, आठ चौतीस आणि पुन्हा आठ चौतीस," निरीक्षकाने वहीतून वाचले. "तीन हाका. 'अहो' अशा. तिसरी मोठी होती. ओ: निरंक."

"तू ऐकलंस?" मापसाहेबांनी विचारले. "मग खुर्ची द्यायची ना तिला!"

"मी नोंद घेत होतो, साहेब."

मास्तरांनी खुर्ची आणली. काकू बसल्या, पदराने कपाळ पुसले. "बसस्थानकाचं राहू दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं स्वयंपाकघर तेवढं हाकेच्या अंतरावर आणता येतंय का बघा. ते आलं की मी इथंच राहते. जिना पण नको मला, जांभूळ पण नको."

मापसाहेबांच्या हातात अजून टेप होती. खात्यातला माणूस म्हणून त्यांनी हळूच विचारले, "सुरुवातीची एक ओ शिल्लक आहे. ती या हाकांपैकी एकीला धरता नाही येणार?"

"नाही साहेब. ती वेगळ्या सदराखाली आहे. आणि हाकेच्या आधीची आहे."

अहवाल आठवडाभरात आला. चाचणीत सहा मीटर चाळीस सेंटिमीटरवरून मारलेल्या गरजेच्या हाकेस ओ न आल्याने, सदर घरातील हाकेचे अंतर त्याहून कमी आहे. सबब बसस्थानकच नव्हे, तर स्वयंपाकघरही या घरापासून हाकेच्या अंतरावर नाही, आणि तसा उल्लेख यापुढील जाहिरातीत करणे बंधनकारक राहील. एजंटाने नवा मसुदा आणला. त्यात 'स्वयंपाकघराला संपूर्ण एकांत' असे होते. मापसाहेबांनी या वेळी रेघ ओढली नाही. सबंध कागदच फाडला.

तळमजल्याच्या मालकीणबाई पंधरा-पंधरा दिवस वाढवून देत आहेत. मास्तर अजून घर घ्यायला तयार आहेत. मात्र स्थगिती उठल्याशिवाय सही होणार नाही. आणि प्रमाण माप एका घरावरून ठरवता येत नसल्याने स्थगिती उठलेली नाही. त्यासाठी खात्याने सर्व वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली आहे: नागरिकांनी आपल्याला घरातल्या दुसऱ्या खोलीतून शेवटची हाक कोणी मारली, ती कितव्या वेळेस ऐकू आली आणि ओ दिली किंवा कसे, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

सूचनेची मुदत आतापर्यंत दोनदा वाढवली आहे. काकू तिसऱ्या मजल्यावर आहेत. मापसाहेबांनी आपली खुर्ची उचलून ओट्याशेजारी नेली आहे. सूचना पुष्कळांनी, घरात बसून, शेवटपर्यंत वाचल्याची नोंद कार्यालयात आहे.

ओ अजून आलेली नाही.