पेशींना सुतक नसतं

पावसाळा संपता संपता आमच्या शांती नगरच्या सोसायटीत डासांसाठी धूर मारायचं ठरलं, तेव्हा म्हात्रे मॅडम मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बी विंग सोडा."

"सोडा म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तिथे मारू नका. बाकीच्या विंगमध्ये मारा. नाहीतर डास धुराने गेले की थंडी पडली म्हणून गेले, हे कळणार कसं? कंट्रोल नको?"

बी विंगमध्ये मी राहतो. मॅडम ए विंगमध्ये राहतात. ही बाब मी सभेच्या नजरेस आणून दिली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सावंत, मी बी विंगमध्ये असते तरी हेच म्हटलं असतं." यातली वाईट गोष्ट अशी की त्यांनी खरंच तसं म्हटलं असतं. शेवटी धूर सगळीकडे मारला गेला आणि डासही सगळीकडे राहिले. मॅडम मात्र अजून सांगतात की त्या वर्षी काहीच सिद्ध झालं नाही.

या मॅडम माझ्या शेजारी आहेत आणि ऑफिसातही माझ्याच नशिबी आल्या आहेत. मीरा रोडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, खाली स्टीलची भांडी पॉलिश होतात आणि वर आमची लॅब आहे. मॅडम तिथे पेशी वाढवतात. मी बी.कॉम. झालेला माणूस, स्टोअर आणि खरेदी बघतो. म्हणजे पेशी जे खातात ते वेळेवर आणून देणं हे माझं काम.

लॅबमध्ये काय चालतं ते मला समजलं तेवढं सांगतो, कारण त्याशिवाय मॅडम समजायच्या नाहीत. प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत पेशी वाढतात. त्या डब्यांना प्लेट म्हणतात. पेशींमध्ये एखादं नवं जनुक घालायचं असतं. पण लाखो पेशींतल्या थोड्याच ते घेतात, आणि घेतलेल्या व न घेतलेल्या दिसायला सारख्याच. मग करतात काय, तर त्या जनुकाच्या जोडीला आणखी एक जनुक देतात, एका जालीम औषधातून वाचवणारं. नंतर प्लेटमध्ये ते औषध घालायचं. ज्यांनी जनुक घेतलं त्या तगतात, बाकीच्या मरतात. शेजारी साध्या पेशींची एक प्लेट ठेवायची आणि तिच्यातही तेच औषध घालायचं. तिच्यातल्या झाडून सगळ्या मेल्या, तरच पहिलीतल्या जिवंत पेशींवर विश्वास ठेवायचा. या दुसऱ्या प्लेटला कंट्रोल म्हणतात.

हे सगळं मॅडमनी लॅबपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांच्या घरी रोज दही लावतात ते दोन वाट्यांत. एकीत विरजण, दुसरीत नुसतं दूध. सकाळी दुसरीतलं दूध दूधच राहिलं, तर पहिलीतल्या दह्याला दही म्हणायचं. एकदा माझा घसा धरला होता आणि मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटल्यावर मधेच सोडल्या. सोसायटीच्या कामासाठी आमच्या विंगमध्ये आलेल्या मॅडमना ते लिफ्टमध्ये कळलं. सातव्या मजल्यापासून खालपर्यंत त्यांनी माझी खरडपट्टी काढली. "अर्धा डोस म्हणजे जंतूंची शिकवणी, सावंत. तुम्ही घरात क्लास काढलाय." लिफ्टमधल्या इतर लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढचे काही दिवस मी जिन्याने गेलो.

लॅबमध्ये नवं माणूस आलं की पहिल्याच दिवशी त्याला मॅडमचा डोस. इतर ठिकाणी पेशींना बुरशी, जंतू लागू नयेत म्हणून त्यांच्या खाण्यात थोडं साधं प्रतिजैविक घालून ठेवतात. मॅडमना ते चालत नाही. "ते घातलं की हात घाण असले तरी खपून जातं. माणूस बिघडतो." त्यामुळे नव्या माणसाच्या प्लेटमध्ये आठवडाभरात काहीतरी हिरवं उगवतं, आणि माणूस जिन्यात जाऊन रडतो. त्यातले बरेच जण परत वर येत नाहीत. गेल्या काही वर्षांत टिकली ती एक फरहीन. नया नगरची, बुटकी, बोलायला कमी. तिच्या प्लेट आरशासारख्या स्वच्छ. नोकरीत अजून ती कच्चीच होती, महिनाअखेर पक्की व्हायची होती. अब्बू बरेच महिने अंथरुणाला खिळलेले आणि घरात कमावणारी ती एकटी, त्यामुळे या पक्कं होण्याकडे तिचे डोळे लागले होते.

एका बाबतीत मात्र मॅडम मऊ होत्या. जनुक आत शिरावं म्हणून पेशींना विजेचा झटका देतात. त्यानंतर जालीम औषध लगेच घालायचं नाही. दोन दिवस नुसतं खाणं द्यायचं. त्या दोन दिवसांत मॅडम पेशी उबेत ठेवायच्या कपाटाच्या, म्हणजे इनक्युबेटरच्या दारावर पांढरी टेप चिकटवायच्या आणि तिच्यावर मार्करने लिहायच्या, 'काही विचारू नये'. मी एकदा म्हटलं, "मॅडम, 'हात लावू नये' म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही. औषध म्हणजे प्रश्न असतो, सावंत. तू कोण, असा प्रश्न. नुकतीच धडक बसलेल्याला तो विचारायचा नसतो. उत्तर आत असतं, पण द्यायला वेळ लागतो. घाई केली तर ज्यांच्याकडे उत्तर आहे त्याही मरतात."

मॅडम मिठागरवाल्यांच्या घरातल्या. मिठागरं गेली, पण भाईंदरच्या जुन्या गावात भावाचं घर आहे आणि आई तिथे असायची. मॅडमचं मराठी इस्त्री केलेलं, आईचं मात्र गावचं. रोज दुपारी दोनला आईचा फोन यायचा. हातात मोजे, म्हणून मॅडम तो कोपराने स्पीकरवर टाकायच्या आणि सगळी लॅब ऐकायची.

"जेवलीस का न्हाय?"

"जेवते गं."

"जेवते न्हाय. जेवलीस का, त्या सांग."

मग मॅडम मोजे काढून डबा उघडायच्या. जगात त्यांना डोस देणारी ती एकच बाई होती.

गेल्या वर्षी आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मॅडम लॅबमध्ये हजर. आम्ही सगळे दाराशी उभे राहिलो. "पेशींना सुतक नसतं," मॅडम म्हणाल्या, आणि मला विचारलं की पिपेटच्या टिपा आल्या का. त्यानंतर दोन वाजले की मॅडम घड्याळाकडे बघायच्या आणि काम पुढे चालू ठेवायच्या. डबा कधी चारला उघडायचा, कधी तसाच घरी जायचा. आम्हाला ते दिसत होतं. पण मॅडमना जेवा म्हणून कोण सांगणार?

मग या महिन्यात फरहीनचे अब्बू गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी तिला फोन केला तेव्हा मी समोरच होतो. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकाचं काम अडलंय. पेशींना सुतक नसतं. उद्या ये."

ती आली. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. सकाळी तिने पेशींना झटका दिला, दारावर टेपही लावली. आणि संध्याकाळी निघताना तीच टेप बाजूला सारून तिने प्लेटमध्ये जालीम औषध घातलं.

सोमवारी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. कंट्रोलमधल्या पेशी मेल्या होत्या, तसं व्हायलाच हवं होतं. पण शेजारच्या प्लेटमधल्याही साऱ्या मेल्या होत्या. तांदळाच्या कण्यांसारख्या वर तरंगत होत्या. गिऱ्हाइकाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

मालक शाह सर केबिनमधून बाहेर आले. फरहीनने काही लपवलं नाही. "सर, मैंनेच डाला. उसी शाम को. मालूम था नहीं डालने का, फिर भी डाल दिया. कैसे डाला, वो मालूम नहीं."

शाह सरांनी मॅडमकडे बघितलं. "तुम्ही सांगा, मॅडम. हिला ठेवायची की नाही? पक्कं करायचा कागद माझ्या टेबलावरच आहे. तुम्ही म्हणाल तसं."

यापेक्षा बारक्या चुकांवर मॅडमनी माणसं घालवलेली आम्ही बघितली होती. फरहीन टेबलाची कड धरून उभी होती.

"कंट्रोल कुठाय?" मॅडम म्हणाल्या.

"कसला कंट्रोल?"

"तुम्ही म्हणता ती चुकते. मग घरी सगळं ठीक असतं तेव्हा ती चुकते का, हे नको बघायला? मी इतके महिने बघतेय. नाही चुकत."

"मग चूक कोणाची झाली?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. "तिला धडक बसली होती. चौथ्याच दिवशी तिला कामाला बोलावलं, म्हणजे औषधच घातलं. ते मी घातलं. पक्की करा तिला, आणि गिऱ्हाइकाला माझं नाव सांगा."

शाह सरांना यातलं किती कळलं देव जाणे. पण मॅडमनी आजवर स्वतःची चूक कबूल केलेली त्यांनीही ऐकली नसावी, कारण ते आत गेले आणि सही करून आले. मला तर वाटलं माझेच कान वाजताहेत.

मॅडमनी फरहीनला आठवडाभर घरी राहायला सांगितलं. ती म्हणाली, "घर पे सब लोग पूछते रहते हैं, मॅडम. कैसे हुआ, क्या हुआ. इधर बैठूँ क्या?"

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो तर खिडकीपाशी एक खुर्ची ठेवलेली, तिच्यावर फरहीन बसलेली, हातात काम काहीच नाही. खुर्चीच्या पाठीला पांढरी टेप होती आणि तिच्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'काही विचारू नये'. लोक तिच्या बाजूने पाय न वाजवता जात होते. खालून भांड्यांच्या पॉलिशचा आवाज येत होता तेवढाच.

दुपारी मी एका बिलावर सही घ्यायला मॅडमकडे आलो. दोन वाजले होते. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मोजे काढले आणि खिडकीपाशी गेल्या. ती टेप त्यांनीच लावली होती, तरी जरा घुटमळल्या. मग खाली वाकून त्यांनी विचारलं,

"जेवलीस का न्हाय?"

मॅडमच्या तोंडी 'न्हाय' मी पहिल्यांदाच ऐकलं.

फरहीनने मान हलवून नाही म्हटलं. मॅडमनी स्टूल ओढलं आणि आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी होती. भाकरी मोडून अर्धी त्यांनी तिच्या हातात दिली, अर्धी स्वतः खायला घेतली. बिल मी उद्यावर टाकलं.