पाण्याने साखर उतरवली त्याची गोष्ट

झाडपाल्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रक्तातली साखर उतरवणारा पाला शोधणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम, आणि माझा भरवसा एका कडूजहर रानवेलीवर होता. निकाल चांगला आला तर नोकरी कायम, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं होतं. बायकोने तर त्या आनंदात नव्या पडद्यांचं कापडही बघून ठेवलं.

प्रयोग अगदी सरळ. साखर वाढलेले उंदीर दोन पिंजऱ्यांत. डावीकडच्यांना वेलीचा काढा, उजवीकडच्यांना नुसतं पाणी. काढेवाल्यांची साखर उतरायची, पाणीवाल्यांची जिथल्या तिथे राहायची आणि मी कायम व्हायचो!

तीन महिन्यांनी मोजणी झाली. काढेवाल्यांची साखर उतरली होती. मी खूश! मग पाणीवाल्यांची बघितली, तर ती त्याहून जास्त उतरलेली!

यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. तेही तेच म्हणालं. पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून एकेका शेपटीवरची खूण तपासली. सगळे आपापल्या घरी होते. मॅडमनी नळाचं पाणी तपासायला धाडलं, तर पाण्यात पाणीच निघालं. ही बातमी घरी कशी फुटली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सासरेबुवा दोन रिकामे कॅन घेऊन दारात हजर. काढा राहू द्या, पाणी तेवढं भरा, म्हणाले. माझी मती गुंग झाली.

शेवटी उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांना गाठलं. मामांना स्वतःलाच मधुमेह. पाण्याच्या बाटलीला कोणी हात लावतं का, असं मी विचारलं.

"मीच लावतो की," मामा शांतपणे म्हणाले. "माझी साखरेची गोळी कुटून घालतो. डावीकडच्यांना तुम्ही औषध देता आणि उजवीकडच्यांना नुसतं पाणी. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मला राग यायला हवा होता, पण जीव भांड्यात पडला. पाण्याचं कोडं सुटलं, म्हणजे माझी वेल खरी ठरली! काढेवाल्यांची साखर तर तिनेच उतरवली होती. नोकरी कायम, पडदे पक्के. तरी खात्री करावी म्हणून विचारलं, "डावीकडच्यांना नाही ना दिली?"

"दिली ना. आपल्याला भेदभाव जमत नाही," मामा म्हणाले. "पण अर्धीच. त्यांना तुमचा काढा असतो."

मी मनातल्या मनात पडदे उतरवले. मग मामांच्या गोळ्या उंदरांनी खाल्ल्या, तर मामांनी काय खाल्लं, या धसक्याने त्यांची साखर मोजली. ती यंत्रात मावेना. त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं.

अहवालात मी खरं तेच लिहिलं. वेलीचं काही सांगता येत नाही. गोळीने मात्र साखर उतरते, अर्धीने कमी, अख्खीने जास्त. तीन महिने खपून मी एवढं सिद्ध केलं. मामांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ते आधीपासूनच छापलेलं होतं.