जबड्यात जबडा

कृणालच्या गेममध्ये सहाशे बोंबील वाळत होते आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा हलता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. प्रत्येकाला स्वतःचं वजन, स्वतःचा वारा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाने नुसते चित्रातले बोंबील दाखवायचे, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

चारकोपच्या गाळ्यात त्याच्या शेजारी बसून चित्रं काढणाऱ्या दीप्तीने त्याला परोपरीने समजावलं. फोनची ताकद एवढीशी. ती चित्रावर खर्च कर, नाहीतर हलण्यावर. दोन चित्रं आलटूनपालटून दाखवली तरी बोंबील हलल्यासारखे दिसतील. कृणालने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा वाऱ्याच्या गणितात डोकं घातलं. गुरुवारी दुपारी अंधेरीच्या कंपनीचे सुशांत साहेब गेम बघायला येणार होते, तेही बाजारातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर. त्यांनी गेम घेतला नाही, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

बुधवारी त्याने मोठ्या हौसेने आईला गेम दाखवला. तिची सारी हयात बोंबील सुकवण्यात गेलेली. तिने चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"एकेकटा टांगलाय? जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात रे. कोळ्याचा पोर ना तू?"

हे ऐकून गप्प बसेल तो कृणाल कसला. गुरुवारी सकाळी त्याने तीनशे जोड्या जुळवल्या. आता एक हलला की दुसऱ्याला ओढायचा. फोन तापला, अडखळला आणि बंद पडला. मग कृणालने चित्रांना हात घातला. दीप्तीने जीव ओतून रंगवलेली होडी बारा चौकोनी ठिपक्यांवर आली. कोळीण आठावर आली, तिची नथ तर पहिल्याच फटक्यात गेली. बोंबील पळवायला उड्या मारणाऱ्या मांजराचे चार ठिपके उरले. शेवटी बोंबलांचे डोळेही उडाले. दीप्ती रडकुंडीला आली.

"अरे, ओळखू तरी येतील का?"

"हलले की ओळखतील," कृणाल म्हणाला. फोन मात्र सुरळीत चालू लागला होता.

सुशांत साहेबांनी बराच वेळ फोन डोळ्यांपाशी धरला. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"काय झुलतायत हो मोजे. जोडीजोडीने, अगदी आमच्या गॅलरीतल्यासारखे. कपडे वाळत घालायचा गेम, हा तर घराघरात चालेल. घेतला आम्ही."

टेबलाखालून दीप्तीने कृणालचा पाय दाबला. तरीही तो खरं सांगायला तोंड उघडणार, तोच साहेबांनी उड्या मारणाऱ्या चार ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"फक्त हे मांजर काढा. मोजे पळवायला मांजर कशाला येईल?"

होडी गेली, कोळीण गेली, बोंबलांचेही मोजे झाले. कृणालला आतून भडभडून आलं. पण वर्सोव्याचं एवढं एक मांजर तो सोडणार नव्हता. तो ताठ बसला.

"मांजर राहणार, सर. मोज्यांना वास येतो."

साहेबांनी मान डोलावली. मग करारावर सही करायला खिशातलं पेन काढत ते दीप्तीला म्हणाले, की इतक्या बारकाईने काम करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत.