मार्चअखेरच्या पाटल्या

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहणारे श्री. डोमनलाल टेंभरे हे एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत मुख्य लिपिक आहेत. त्यांच्या डोक्यावर सोनेतारण कर्ज होते आणि त्याचे कारण अत्यंत गंभीर होते. चिरंजीव लोकेंद्रचे लग्न ठरले होते. लग्नाआधी नवरा-नवरीने जंगलात जाऊन एकमेकांकडे बघायचे आणि ते बघणे चित्रित करून घ्यायचे, हा विधी हल्ली सप्तपदीपेक्षाही सक्तीचा झाला आहे. त्यासाठी दरेकशाच्या डोंगरात फोटोवाल्यांची तुकडी गेली, ड्रोन गेला, ड्रोन एका सागात अडकला आणि त्याची भरपाईही टेंभऱ्यांनीच दिली. तो व्हिडिओ पाहुण्यांनी जेवणाच्या रांगेत उभे राहून एकदा पाहिला.

या कार्यासाठी डोमनलालांच्या पत्नी धनवंताबाई यांच्या पाटल्या गहाण पडल्या. पाटल्या त्यांच्या आईने दिलेल्या होत्या. तिरोड्याकडच्या शेतातला धान विकून झाला की आई दरवर्षी गुंजभर सोने बाजूला ठेवी, आणि बऱ्याच वर्षांनी त्या दोन पाटल्या तयार झाल्या होत्या. आता धनवंताबाई पोळ्या लाटताना मधेच थांबून रिकामे मनगट चोळत. वर्षभरात, म्हणजे पुढच्या एकतीस मार्चपर्यंत पैसे भरा, नाहीतर लिलाव होईल, असे तारणवाल्या कंपनीने कळवले होते.

डोमनलालांनी काटकसर करून कर्ज फेडायचे ठरवले. इथवर कोणीही शहाणा माणूस करील तेच त्यांनी केले. पण शहाणा माणूस डब्यात पैसे टाकतो. डोमनलालांनी एक एप्रिलला घराचा अर्थसंकल्प सादर केला. पगाराची किराणा, दूध, गॅस, पेट्रोल, पाहुणे आणि किरकोळ अशा लेखाशीर्षांत वाटणी झाली. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा नाही, मंजुरीशिवाय खर्च नाही, आणि खरेदी तीन दरपत्रके मागवूनच, असे नियम ठरले. सून ओमेश्वरी हिने नव्या घरात नियम असतात असे ऐकले होते, म्हणून तिने मान डोलावली.

पहिल्याच आठवड्यात वरणात घालायच्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, खरेदी निघाली. ओमेश्वरीने तीन भाजीवाल्यांचे भाव लिहून आणले, डोमनलालांनी तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत कमी दर मंजूर झाला, आणि तोवर तो भाजीवाला घरी निघून गेला होता. फेरनिविदा काढेपर्यंत वरण संपले. पुढे एकदा भात अर्धा शिजला असताना सिलिंडर संपले. गॅसचे शीर्ष रिकामे होते, दुधाच्या शीर्षात भरपूर शिल्लक होती. घरच्यांनी त्या रात्री थंड दुधात पोहे भिजवून खाल्ले आणि नियम पाळला. धनवंताबाईंनी तेही निमूट गिळले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे पाटल्या होत्या.

दिवाळीनंतर धनवंताबाईंचा धाकटा भाऊ चुन्नीलाल तिरोड्याहून भेटायला आला. तो न कळवता आल्याने 'पाहुणे' या शीर्षाखाली त्याला पूर्वमंजुरी नव्हती. डोमनलालांनी त्याला चहा दिला, पण दोन टप्प्यांत. पहिला अर्धा कप लगेच मिळाला. दुसऱ्या अर्ध्या कपाआधी त्याने पहिला पूर्ण प्यायल्याची खात्री करून घेण्यात आली. चुन्नीलाल गाडीला किक मारताना बहिणीला एवढेच म्हणाला की जिजाजींना एकदा डॉक्टरला दाखव.

पण खरे सांगायचे तर पद्धत लागू पडली. कोणाच्याही लग्नाला न जाणे, चपलेला टाके घालणे, लोकेंद्रने कामावर कोणाच्या तरी मागे बसून जाणे, अशा असंख्य अपमानांतून प्रत्येक शीर्षाखाली पैसा साठत गेला. मार्चच्या सुरुवातीला बेरीज केली तर पाटल्या सुटून वर थोडे उरतील एवढी रक्कम होती. धनवंताबाईंनी त्या दिवशी हात साबणाने दोनदा धुतले.

"मंग उद्याच जाऊन सोडवून आना ना जी," त्या म्हणाल्या.

डोमनलालांनी चष्मा काढला. एवढी मोठी चूक आपल्या हातून होता होता राहिली, या विचाराने त्यांना घाम फुटला होता. अर्थसंकल्पात 'पाटल्या सोडवणे' असे शीर्षच नव्हते. किराण्याचा पैसा सोन्यावर खर्च केला तर ती सरळसरळ अनियमितता ठरली असती. आता ही नवीन बाब म्हणून पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात घेता येईल, असे त्यांनी बायकोला समजावले.

"अन् हे जमलेले पैसे?"

"एकतीस मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर व्यपगत होतात."

"म्हंजे काय होते त्याईचं?"

"जातात."

"कुठं जातात? तुमच्याच खिशात हायेत ना ते?"

डोमनलालांनी चष्मा पुन्हा चढवला. तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. शेवटी ते म्हणाले की कुठे जातात याचा नियमात उल्लेख नाही, पण जातात हे नक्की. शिवाय पैसा उरला असे दिसले तर पुढच्या वर्षी प्रत्येक शीर्षात कपात होणार. आणि कपात कोण करणार, असे लोकेंद्रने विचारले तेव्हा, "मीच," असे सांगून डोमनलालांनी दुःखाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सर्व निधी महिनाअखेरपर्यंत खर्ची टाकण्याचे आदेश निघाले. लिलावाची काळजी करू नका, असेही डोमनलाल म्हणाले. त्यांनी कंपनीला मुदतवाढीचा अर्ज दिला होता, आणि अर्ज दिला की मुदत वाढते हा त्यांच्या कार्यालयाचा अनुभव होता.

मग त्या घरात असा खर्च झाला की शेजाऱ्यांना वाटले टेंभऱ्यांना लॉटरी लागली. किराण्याच्या शीर्षातून पोतेभर मीठ, तेलाचे पिंप आणि पुढच्या पिढीला पुरेल एवढी हळद आली. दुधाचा पैसा संपवायला रोज बादलीभर दूध येऊ लागले; ओमेश्वरी दिवसभर कढईपुढे बसून खोवा आटवू लागली आणि तिच्या पापण्यांवरही तूप दिसू लागले. पेट्रोलचे शीर्ष लोकेंद्रकडे होते. तो काही काम नसताना तिरोड्यापर्यंत जाई, वीज केंद्राच्या धुराड्यांकडे बघे आणि परत येई. किरकोळमधून छत्र्या घेण्यात आल्या. पावसाला तीन महिने असताना गठ्ठ्याने छत्र्या घेणारा माणूस दुकानदाराला पहिल्यांदाच भेटला होता.

राहिले होते 'पाहुणे'. त्या शीर्षात वर्षभर चुन्नीलालचा एकच चहा पडला होता, तोही अर्धा-अर्धा. त्यामुळे त्याला सहकुटुंब तातडीने बोलावण्यात आले. सकाळी पुरी, दुपारी खीर, संध्याकाळी पुन्हा पुरी असा मारा सुरू झाला. तिसऱ्या पंगतीला चुन्नीलालने हात जोडले.

"जिजाजी, आता पोट फाटून राहिलं."

"एकतीस तारखेपर्यंत फाटू देऊ नको," डोमनलाल म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

एकतीसच्या दुपारी धनवंताबाई देव्हाऱ्यापुढून उठून नवऱ्याजवळ आल्या. त्यांच्या आवाजात भांडण नव्हते. "अजी, अजून थोडे उरले असंन. बाकीचे मी चुन्नीपासून मांगून आनतो. कंपनी पाचपर्यंत उघडी राह्यते. माह्या मायची एवढीच वस्तू हाय."

डोमनलालांना वाईट वाटले. खरोखरच वाटले, ते काही दगड नव्हते. पण त्या क्षणी त्यांच्या हातात उरलेली रक्कम होती आणि दारात छत्र्यांचा दुसरा गठ्ठा घेऊन रिक्षावाला उभा होता. त्यांनी रिक्षावाल्याला पैसे दिले. पाच वाजता सर्व शीर्षांखाली शिल्लक शून्य झाली, आणि बऱ्याच दिवसांनी ते गाढ झोपले.

मुदतवाढीचा अर्ज कंपनीने वाचला की नाही ते कळले नाही. एप्रिलच्या मध्यावर फोन आला की पाटल्यांचा लिलाव झाला असून त्यातून मुद्दल आणि व्याज दोन्ही वसूल झाले आहे. डोमनलालांनी सगळ्यांना बैठकीत बोलावले आणि उभे राहून वार्षिक अहवाल वाचला. निधीचा विनियोग शंभर टक्के. कर्ज शून्य. दोन्ही उद्दिष्टे एकाच वर्षात गाठणारे कुडव्यातले हे बहुधा पहिलेच घर असावे. मग ओमेश्वरीने आटवलेल्या खोव्याचे पेढे वाटण्यात आले. धनवंताबाईंनी पेढा घेतला नाही. त्या उठून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फाटकासमोरचा रस्ता नवा होता. जुना चांगला असताना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस काम करून त्यावर सिमेंटचा दुसरा थर चढवला गेला होता. आज तोच रस्ता पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी मशीनने फोडला जात होता. गल्लीतली माणसे दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. डोमनलालही पेढा चघळत बाहेर आले आणि काम वेळेत झाले होते हो, असे शेजाऱ्याला म्हणाले.

धनवंताबाई फुटलेल्या सिमेंटकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "ह्या रस्त्यात कोनाच्या पाटल्या गेल्या, जी?"

डोमनलालांनी नेहमीप्रमाणे विचार केला, पण याचाही नियमात उल्लेख नव्हता. गल्लीतल्या कोणालाच तो प्रश्न आपल्यासाठी आहे असे वाटले नाही. वाचकहो, डोमनलालांना तुम्ही आतापर्यंत मनसोक्त हसला असाल. तुमच्याही गल्लीत मार्चमध्ये रस्ता झाला असेल आणि तुम्हीही दारात उभे राहून तो बघितला असेल. एकदा आपले मनगट चाचपून बघा. धनवंताबाईंना निदान आपल्या पाटल्या कधी गेल्या ते माहीत आहे.