चिंगीची टोपी आणि नाना राऊत

आमच्या शेजारचे नाना राऊत आंघोळीला टोपी घालून जात आणि टोपी घालूनच बाहेर येत. मधल्या वेळात ती काढत होते की नाही, हे त्यांच्या बायकोला ठाऊक असणार. पण ती बिचारी आम्ही पालघरजवळ सरावलीला राहायला यायच्या आधीच गेली होती. पांढरी, कडक, इस्त्रीची टोपी. जेवताना टोपी, दाढी करताना टोपी. दुपारी खाटेवर आडवे झाले की ती तोंडावर सरकायची, पण डोक्याची संगत सोडायची नाही.

मी एकदा विचारलं, "नाना, घरात कसली हो टोपी?"

"सुमनबाई," ते म्हणाले, "जे येतं ते वरून येतं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ऊन वरून येतं, पाऊस वरून येतो, नारळ वरून येतो, कावळ्याचं जे काय यायचं ते वरूनच येतं आणि कंपनीतला हुकूमसुद्धा वरूनच येतो. माणसाने डोकं तेवढं सांभाळावं, बाकीचं अंग आपोआप सांभाळलं जातं. माकुणसारला त्यांच्या भावाच्या वाडीत म्हणे एका पाहुण्याच्या खांद्यावर नारळ पडला होता. "खांद्यावर ना?" मी म्हटलं. "मग टोपीचा काय उपयोग झाला असता?" यावर नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही तो नारळ मीच टाकला होता.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून नाना निवृत्त झाले होते. आमची बैठी चाळ, त्यांचा ओटा माझ्या ओट्याला लागून. मी घरी ब्लाउज शिवायची आणि उजेडासाठी मशीन दाराशी ठेवायची. त्यामुळे नानांचं सगळं जगणं, बघायची इच्छा असो नसो, माझ्या डोळ्यांसमोरच चालायचं.

त्यांचा मुलगा दिलीप वसाहतीतच कामाला होता. सून अलका पालघरच्या एका कचेरीत कारकून. त्यांची चिंगी दीड वर्षाची झाली आणि तिला सांभाळणारी बाई शेतीच्या कामाला डोंगराकडे आपल्या गावी निघून गेली. दुसरी मिळेपर्यंत चिंगी नानांच्या ताब्यात आली. खरं सांगायचं तर नाना चिंगीच्या ताब्यात गेले.

शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. नानांनी पहिल्याच दिवशी चिंगीचं उघडं डोकं पाहिलं आणि तडक पालघरचा बाजार गाठला. येताना टोपी आणली. पांढरी सुती, भोवती झालर, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. चिंगीचं डोकं संत्र्याएवढं आणि टोपी पपनसाच्या मापाची.

"केवढी मोठी आणलीत," मी म्हटलं.

"पोरं वाढतात, टोपी वाढत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नानांनी टोपी घातली, चिंगीने काढली. नानांनी घातली, चिंगीने काढली. नानांनी घातली, चिंगीने काढून गटारात टाकली. माझ्या एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या लावून झाल्या, तरी हे चालूच. चिंगी रडत नव्हती की ओरडत नव्हती. ती अगदी शांतपणे हात वर न्यायची, टोपी ओढायची आणि आजोबांकडे बघायची. एवढा थंड डोक्याचा प्राणी मी पाहिला नव्हता. म्हणजे ज्या डोक्यासाठी टोपी आणली, ते मुळात थंडच होतं.

मग नानांनी बंद बांधायला घेतले. बॉयलरवर काम केलेला माणूस. त्याने मारलेली गाठ वाफेला दाद देत नसे, ती चिंगीला काय देणार? चिंगीलाच काय, संध्याकाळी अलकालाही ती सुटेना. शेवटी माझी कात्री नेली.

"नाना, ही मुलगी आहे, गोणी नाही," अलका म्हणाली. फार बोलायची नाही ती, पण बोलली की मोजकं बोलायची.

आता एखाद्या शहाण्या माणसाने मूल घरातच ठेवलं असतं. मी तसं सुचवलंही. "ऊन उतरेपर्यंत बाहेर नेताच कशाला तिला? घरात ठेवा."

"घरात काय करायचं?" नानांनी विचारलं.

प्रश्न खरोखरीचा होता. मी कपाळाला हात लावला. लहान मुलाशी काय करायचं असतं? चिऊकाऊची गोष्ट सांगायची, टाळ्या वाजवायच्या, मांडीवर घोडा घोडा करायचं. नानांना यातलं काही येत नव्हतं. बॉयलरला काटा असतो, तो कुठे गेला की काय करायचं ते ठरलेलं असतं. चिंगीला काटा नव्हता. तेव्हा ते तिला ओट्यावर आणून उभी करायचे आणि टोपी घालायचे. त्यांच्या लेखी मूल सांभाळणं म्हणजे एवढंच.

त्यांची पुढची युक्ती तर साऱ्या चाळीला भोवली. पोरं बघून शिकतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. मग सकाळी चिंगी बाहेर यायच्या वेळेला दिसेल त्याने डोकं झाकावं, असा हुकूम सुटला. माझे यजमान रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटत होते. त्यांना कारखान्याचं हेल्मेट घालून दात घासायला लावलं. पलीकडच्या खोलीतला रामधनी लूमवर काम करायचा, भला माणूस. त्याने गमछा गुंडाळला आणि म्हणाला, "नानाजी, हम तो पहन लेंगे. पर बिटिया पहनेगी क्या?"

"पहनेगी. देखके पहनेगी."

मी साफ नकार दिला. तर माझ्या ओट्यावरच्या माठावर नानांनी आपली जुनी टोपी चढवली. पाणी प्यायला गेले की पुढारी बसल्यासारखं वाटायचं.

चिंगीने हे सगळं नीट पाहून घेतलं. हेल्मेट पाहिलं, गमछा पाहिला, माठ पाहिला. मग आपली टोपी काढली आणि ओट्याखाली निजलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली. सगळ्या चाळीत उघड्या डोक्याची आता ती आणि मी, दोघीच उरलो. मला ती पोरगी त्या दिवसापासून फार आवडायला लागली.

समुद्रकाठच्या मुरब्याहून पार्वती मासे घेऊन यायची. एकदा ती टोपली उतरवून बसली असताना चिंगीने टोपी तिच्या टोपलीत टाकली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. टोपी बोंबलांबरोबर गावभर फिरली, मुरब्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. नानांनी ती धुतली, उकळली, पुन्हा धुतली. तरी पुढे कितीतरी दिवस चिंगीच्या मागे मांजरं फिरत होती.

"नाना, कशाला त्या पोरीच्या मागं लागलाव?" पार्वती म्हणाली. "माज्या पोरांनी टोपी कशी असते ती नाय बगितली. सगली धडधाकट हायत."

"ती तुजी पोरं. ही कागदासारखी हाय," नाना म्हणाले.

चिंगी चांगली गुबगुबीत होती. पण नानांशी कोण वाद घालणार?

आणि मग एका संध्याकाळी चिंगीला ताप आला. फार नव्हता, पण अंग तापलेलं आणि खाल्लेलं पोटात राहीना. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. औषध दिलं, दोन दिवसांत उतरेल म्हणाले. तसा तो उतरलाही. पण अलकाने ओट्यावर येऊन नानांना सांगितलं, "नाना, तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा. मी तिला पालघरला आईकडे ठेवते. रविवारी घेऊन येत जाईन."

एरवी "जे येतं ते वरून येतं" म्हणून नाना मोकळे झाले असते. त्या दिवशी नुसते पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, चला, सुटले सगळे. चिंगी सुटली, कुत्रा सुटला, माझा माठ सुटला.

पण तसं झालं नाही, आणि त्याला कारण चिंगीच. चारेक दिवसांनी पार्वती आली. टोपली उतरवून तिने डोक्यावरची चुंबळ बाजूला ठेवली. टोपली नीट बसावी म्हणून डोक्यावर ठेवायची ती कापडाची गोल गुंडाळी. चिंगीने ती उचलली आणि डोक्यावर ठेवली. ती घसरून पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. पोरगी रडकुंडीला आली. नानांनी घाईघाईने आत जाऊन टोपी आणली, तिच्या डोक्यावर घातली आणि वर चुंबळ ठेवली. झालरीत अडकून ती नीट बसली. चिंगी मान ताठ करून उभी राहिली. एक हात वर धरला, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आणि मासे विकणाऱ्या पार्वतीच्या "म्हावरं, म्हावरं"ची नक्कल करत सगळ्या ओट्यावरून ओरडत फिरली, "म्हावला, म्हावला."

पार्वती हसून हसून बेजार झाली. जाताना चुंबळ तिथेच ठेवून गेली. "माजी दुसरी हाय घरी," म्हणाली.

त्या दिवसापासून चिंगीने टोपी काढली नाही. टोपीशिवाय चुंबळ राहत नाही, हे तिला कळलं होतं. सकाळी उठली की टोपी मागायची. जेवताना टोपी, झोपताना टोपी. आंघोळीच्या वेळी मात्र रडारड. अलका म्हणाली, "आजोबांवर गेली." पालघरचा बेत रद्द झाला. माठावरची टोपी मी काढून परत केली. नाना जिंकले होते, आणि जिंकलेला नाना राऊत आता चाळीत कोणाला सुखाने जगू देणार नाही, अशी माझी खात्री होती.

टोपी अजून मोठीच होत होती, चालताना डोळ्यांवर यायची. अलका ती माझ्याकडे घेऊन आली. "वहिनी, मागे जरा चिमटा घेऊन द्या." मी मशीनवर पक्का टाका घालून दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर टोपी पुन्हा डोळ्यांवर. टाका उसवलेला. मी जास्त जाड दोऱ्याने शिवली. तीही उसवली.

इथे माझं डोकं फिरलं. सरावलीत माझ्या हातच्या ब्लाउजचा टाका उसवला, असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तिसऱ्यांदा शिवून दिली आणि लक्ष ठेवून बसले.

दुपारी चिंगी खाटेवर निजली होती. नाना पायरीवर येऊन बसले. इकडेतिकडे पाहिलं. चिंगीच्या डोक्यावरून अलगद उतरवून आणलेली टोपी खिशातून काढली, सदऱ्याची सेफ्टी पिन काढली आणि माझा टाका हळूहळू उसवायला लागले.

मी उठून समोर उभी राहिले. "नाना, हे काय चाललंय?"

त्यांनी टोपी पाठीमागे लपवली. एवढा मोठा माणूस, पण अगदी पाटी फोडलेल्या मुलासारखा.

"इतके दिवस तिने टोपी घालावी म्हणून आम्हाला नाचवलंत. आता घालते तर तुम्हीच ती बिघडवता?"

नानांनी टोपी पुन्हा पुढे घेतली. मग म्हणाले, "आता ती येत नाय, सुमनबाई."

"कुठे येत नाही?"

"माज्याकडं. टोपी नीट बसली का तिला माजं काय काम? फिरते आपली म्हावरं विकत. डोळ्यावर आली का येते. 'नाना, तोपी' म्हणते. मी बसवून देतो."

मी त्यांच्या पायरीवर बसले.

"दिलीप एवडा होता तवा मी पाळीवर," नाना म्हणाले. "मी घरी येई तवा तो निजलेला. तो उठे तवा मी निजलेला. त्याची आई सांगे, आवाज करू नको, बाबा निजलेत. मग पोरगा मोठा झाला. आता बोलतो, नाय असं नाय. पाणी आलं, गॅस संपला, असं बोलतो. पण त्याच्या डोक्यावरनं कदी हात फिरवला असं मला आठवत नाय."

"मग चिंगीच्या फिरवा," मी म्हटलं. "कोण नको म्हणतंय?"

"असा कसा फिरवणार?" नाना म्हणाले. "कायतरी कारण पायजे ना."

आतून खाट करकरली. चिंगी उठली होती. नानांनी पिनेने उरलेला टाका घाईघाईने ओढून काढला आणि टोपी पायरीवर ठेवून दिली. ती डोळे चोळत बाहेर आली, टोपी उचलून डोक्यावर घातली आणि चुंबळ शोधायला निघाली. दोन पावलं गेली नाही तोच टोपी थेट नाकापर्यंत आली. ती जागच्या जागी थांबली. काही दिसत नव्हतं.

"नाना, तोपी."

ती दोन्ही हात पुढे करून चाचपडत वळली. नाना तिच्यासाठी आधीच हात पसरून बसले होते.