हाबजींनी शत्रूस टुवाल दिला त्याची हकीकत

॥ श्री गोलाकार प्रसन्न ॥ वाचणाराचे घोटे शाबूत राहोत, ऐकणाराचा कान शिट्टीने न किटो. शके १९२९, सर्वजित नाम संवत्सर, श्रावण मास, ते समयी आंग्लमुलखी, जेथे ऊन पडले तर लोक एकमेकांस हाका मारून दाखवितात, तेथे वीस संस्थाने चेंडूकारणे लढत असत, त्यांपैकी एकाची ही हकीकत. संस्थानाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक अद्याप हयात असून आवाजाने मोठे आहेत. लढाईची रीत ऐसी की उभय पक्षी अकरा अकरा असामी, मध्ये एक चेंडू, आणि तो पायाने लोटीत शत्रूच्या किल्ल्यात, म्हणजे तीन दांड्यांच्या चौकटीस लाविल्या जाळ्यात घालावा. घातला तो गोल. हात लावील तो गुन्हेगार, किल्लेदारास मात्र हाताची मोकळीक, आणि चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला तर ज्या पक्षाने दवडिला नाही त्याने तो हाताने आत फेकावा. त्यातही एक कलम ऐसे की फेकलेला चेंडू वाटेत कोणा मनुष्यास न शिवता थेट जाळ्यात गेला तर तो गोल धरू नये. हे कलम कोणी लिहिले, का लिहिले, कोणास ठाऊक नव्हते आणि कामी येईपर्यंत कोणी विचारिलेही नाही. जिंकेल त्यास तीन विडे, बरोबरीस एक विडा, हरेल त्याच्या तोंडास पाने पुसावी. आणि अडतीस लढाया जाहल्यावर विडे मोजून शेवटल्या तीन संस्थानांस थोरल्या दरबारातून उठवावे आणि खालच्या दरबारी बसवावे, जेथे पाऊस तोच पण चहा पातळ.

या संस्थानी मैदानाचे कारभारी हाबजी. मूळ नाव विल्फ्रेड हॉब्स, परंतु बखरीत हाबजी शोभते म्हणोन तैसे लिहिले. एकतीस वर्षे गवताची चाकरी केली, पात्यापात्याची विचारपूस करीत, आणि कोणी सरदाराने टाचेने ढेकूळ उकरिले तर त्या सरदाराशी दसऱ्यापर्यंत बोलत नसत. जन्माचे वैर म्हणाल तर बदकांशी. मैदानालगत नदी, नदीत बदके, ती थव्याने येऊन पेरलेले बी टिपीत आणि जाताना मान वळवून हसत, ऐसे हाबजींचे म्हणणे. बदक हसते की नाही याविषयी मतभेद आहेत, परंतु हाबजींस ती हसत यात शंका नाही. सेनापती दोम बेर्नार्दो, जातीचे फिरंगी, खास लिस्बोनचे, मसलतीत निपुण आणि थंडीने बेजार. त्यांनी आषाढातच हाबजींस बोलाविले आणि म्हणाले, “हाबजी, मैदान अरुंद करा.” हाबजी म्हणाले, “किती?” सेनापती म्हणाले, “कायदा रडेल, पण ओरडणार नाही, इतके.” कारण ऐसे की फौजेत दुगाल मक्रे म्हणोन एक वीर होता, उत्तरेच्या डोंगरी मुलखातला. बाळपणी बापाची मेंढरे उचलून कुंपणापलीकडे टाकिता टाकिता त्याचे दंड ऐसे जाहले की कडेच्या रेषेवरून चेंडू फेकी तो थेट किल्ल्याच्या दारी पडे, आणि मैदान जितके अरुंद तितका किल्ला जवळ. मग हाबजींनी दोहों बाजूंच्या रेषा पाच पाच हात आत घेतल्या आणि एकशे पन्नास हातांचे मैदान एकशे चाळीस हात करून माप थोरल्या दरबारी लिहून दिले. तेथील दंडक ऐसा की माप एकदा लिहून दिले की वर्षभर फिरवू नये. हाबजी तर खूष, की रेषेबाहेरल्या दहा हात गवतावर आता कोणी नाचणार नाही.

आंग्लमुलखी चेंडू सदा ओला, आणि ओला चेंडू हातून निसटे, म्हणोन हाबजी पिवळा टुवाल खांद्यावर टाकून रेषेशी उभे राहात. फेकीची वेळ आली की मक्रे मागे न पाहता हात पसरी आणि हाबजी हातावर टुवाल ठेवीत, मग तो चेंडू पुसे, टुवाल मागे टाकी, हाबजी झेलीत. एक शब्द होत नसे. हे पाहोन हाबजींची बायको म्हणे, “मी तीस वर्षे मीठ मागते तर यांना बरणी सापडत नाही.” ऐशा रीतीने श्रावणापासून कार्तिकापर्यंत संस्थानाची चढती कमान राहिली. मक्रेने फेकावे, धिप्पाड सरदारांनी डोके लावावे, किल्ला सर व्हावा, आणि थोर थोर संस्थानांचे सेनापती घरी जाताना म्हणत की हा काय चेंडू, ही तर मेंढपाळी.

मग मार्गशीर्षात दैव फिरले. लढाई ऐन रंगात असता मक्रेने हात मागे केला, आणि नेमकी त्याच वेळी हाबजींस शिंक आली, एक नव्हे, सात. टुवाल हाती पडला नाही, मक्रेने ओलाच चेंडू उचलिला आणि डोक्यामागे नेऊन फेकू गेला तो चेंडू हातून निसटून उलटा मागेच उडाला, आणि सज्जात संस्थानाचे धनी, ज्यांस सारे श्रीमंत म्हणत, चहा ओतून घेत होते, त्यांच्या किटलीवर पडला. किटली मांडीवर आली. श्रीमंत उभे राहिले आणि म्हणाले, “हा गडी आमचा की शत्रूचा?” सेनापती म्हणाले, “आमचाच, हुजूर.” श्रीमंत म्हणाले, “मग शत्रूचा करा.” हाबजी पुढे होऊन सांगू लागले की शिंक माझी, गुन्हा माझा, परंतु श्रीमंतांच्या मांडीस त्या समयी कोणाचेच ऐकू येत नव्हते. पौषात वीरांच्या अदलाबदलीचा बाजार भरला, आणि संक्रांतीस लोक तिळगूळ देतात, श्रीमंतांनी शेजारच्या संस्थानास मक्रे दिला.

मक्रे गेला आणि मैदान अरुंदच राहिले. सेनापती म्हणाले, “हाबजी, रेषा बाहेर घ्या.” हाबजी म्हणाले, “घेतल्या असत्या, पण माप लिहून दिले आहे.” “कोणी?” “आपणच सही केलीत.” सेनापतींनी आपल्या भाषेत काही म्हटले, ते येथे लिहीत नाही. कडेने घोड्यासारखे धावणारे दोन सरदार होते, त्यांस आता धावण्यास जागा नाही, एक तर लढाईगणिक जाहिरातीच्या फळीवर आदळून तेथील बिस्किटांच्या चित्राशी चांगलाच परिचित जाहला. आणि किल्लेदार पर्सी टिंबल यांचे काय सांगावे! उंच, देखणे, स्वभावे गाय. चेंडू आला की झेप ऐसी घेत की चित्रकाराने काढावी, फक्त चेंडू त्या चित्रात नसे. वर्षभरात त्यांच्या बोटांस चेंडू किती वेळा लागला हे मुलेही बोटांवर मोजीत. मागल्या गर्दीतून एक म्हातारी रोज ओरडे, “अरे पर्सी, घरी लोण्याची बरणी कशी धरतोस?” आणि पर्सी अदबीने वळून सांगत, “धरत नाही, काकू. बायको मना करते.” मग माघ गेला, फाल्गुन गेला, तोंडास इतकी पाने पुसली गेली की संस्थान हिरवे दिसो लागले, आणि सदतीस लढाया होऊन सतरावी जागा उरली, जिच्याखाली खड्डा. शेवटली लढाई घरच्या मैदानी. बरोबरी जाहली तर तरले, हरले तर बुडाले. आणि शत्रू कोण? तर शेजारचे संस्थान, आणि त्यांच्या फौजेत दुगाल मक्रे.

श्रीमंतांनी हाबजींस बोलावून विचारिले, “हे मैदान आखूड कोणी केले?” हाबजी म्हणाले, “आखूड नव्हे हुजूर, अरुंद.” श्रीमंत म्हणाले, “ज्याच्यासाठी केले तो आज आपल्यावरच फेकणार. बुडालो तर गवताचा कारभार काढून घेईन आणि तुम्हांस माझ्या बागेतल्या तळ्यावर नेमीन.” “तळ्यावर काय काम, हुजूर?” श्रीमंत म्हणाले, “बदके सांभाळायची.” एकतीस वर्षांची अब्रू, आणि शेवटी बदकखान्याची दारोगी!

शके १९३०, वैशाख शुद्ध सप्तमी, रविवार, लढाईचा दिवस उगवला, म्हणजे ढगांमागे कोठेतरी उगवला असावा. हाबजी रेषेवर चुना ओढीत होते तो मक्रे स्वतः चालत आला आणि टोपी काढून म्हणाला, “हाबकाका, बरे आहात ना?” हाबजी म्हणाले, “शत्रूशी बोलू नये, पण बरा आहे. जेवतोस ना वेळेवर?” मक्रे म्हणाला, “जेवतो. पण तिकडे टुवाल देणारे कोणी नाही हो. चार महिने ओलाच चेंडू फेकतो, निसटू नये म्हणून दुप्पट जोर लावतो. खांदा गेला माझा.” हे ऐकोन हाबजींस गहिवर आला, तो त्यांनी चुन्याची धूळ डोळ्यांत गेली म्हणोन झाकिला. तितक्यात सेनापती आले आणि बजावून गेले, “हाबजी, आज टुवाल घरी.” हाबजी म्हणाले, “घरी म्हणजे घरीच.” आणि हे बोलताना टुवाल त्यांच्या खांद्यावरच होता. परंतु एकतीस वर्षांचे जोडे जसे पायांस जाणवत नाहीत, तसा तो त्यांस जाणवला नाही आणि सेनापतींस पिवळ्या टुवालासकटच हाबजी पाहण्याची सवय.

मग युद्धास तोंड लागले. दोहों फौजांनी चेंडू ऐसा हाणिला की त्यास मुलूख कोणता कळेना. आपल्या एका सरदाराने दांडीवर मारिला, शत्रूच्या एकाने त्याच दांडीवर मारिला, बिस्किटवाले सरदार बिस्किटांस भेटून आले, आणि पाऊण घटका, अर्धी घटका करीत शेवटले पळ उरले. गोल कोणाचाच नाही. ऐसेच राहते तर तरले होते. तो आपल्याच गड्याने घाबरून चेंडू रेषेबाहेर दवडिला, नेमका हाबजी उभे होते तेथे. मक्रे धावत आला. चेंडू चिंब. मक्रेने डोळे किल्ल्याकडे लाविले आणि, चार महिन्यांत जे केले नव्हते ते जुन्या जागेने त्याच्याकडून करविले: मागे न पाहता हात पसरिला. आणि हाबजींनी हातावर टुवाल ठेविला.

एक क्षण कोणासच काही कळेना. मग तीस हजार मुखांतून जो हाहाकार उठला त्याने नदीतली बदके उडाली. म्हातारी ओरडली, “हाबजी, मेल्या, शत्रू आहे तो!” सेनापतींनी आपली टोपी चावली. श्रीमंतांनी खबरदारी म्हणोन किटली दूर सारिली. हाबजींनी हात पुढे केला, “दे रे तो इकडे,” म्हणेतो मक्रेने चेंडू कोरडा खडखडीत पुसून टुवाल मागे टाकिलाही, आणि हाबजींनी झेलिलाही, कारण तीही सवयच. मग मक्रेने दोन पावले घेतली आणि ओल्या चेंडूस लावावा तो चार महिन्यांचा दुप्पट जोर कोरड्या चेंडूस लाविला. चेंडू जो सुटला तो आपल्या सरदारांच्या डोक्यांवरून गेला, शत्रूच्या सरदारांच्या डोक्यांवरून गेला, एक कावळा वाटेत होता तो बाजूस जाहला, आणि चेंडू किल्ल्याच्या कोपऱ्याकडे निघाला. पर्सी किल्लेदारांनी झेप घेतली. ऐसी झेप वर्षात जाहली नव्हती. चेंडू जाळ्यात गेला.

शत्रूची फौज नाचो लागली. हाबजी मटकन गवतावर बसले, आणि गवतावर बसू नये ही त्यांचीच पाटी होती. परंतु काळ्या अंगरख्याचे पंच धावत किल्ल्यापाशी गेले आणि म्हणाले, “किल्लेदार, खरे सांगा. चेंडू बोटास लागला का? लागला असेल तर गोल, नसेल तर कलमाप्रमाणे गोल नाही.” शत्रूचे सरदार ओरडले, “लागला! बोट हलताना पाहिले!” पर्सी उठले, गुडघ्याचा चिखल झटकिला आणि म्हणाले, “पंचसाहेब, वर्षभर लागला नाही, तो आज लागेल का?” पंचांनी त्यांकडे पाहिले. मग वर सज्जाकडे, मग मागल्या गर्दीकडे पाहिले. म्हातारी छातीवर हात ठेवून ओरडली, “देवाशपथ सांगते, या मेल्याच्या हाताला काही लागत नाही!” आणि तीस हजार लोकांनी एका आवाजात म्हटले, “नाही लागत!” ऐसी एकमुखी साक्ष पंचांनी उभ्या हयातीत ऐकिली नव्हती. त्यांनी मान डोलाविली, गोल रद्द केला, शिट्टी फुंकली, आणि लढाई सरली. बरोबरी, एक विडा, सतरावी जागा. संस्थान तरले. लोकांनी पर्सींस खांद्यावर घेतले, आणि मिरवणुकीत कोणी हार फेकिला तोही त्यांस झेलिता आला नाही.

मक्रे हाबजींपाशी येऊन म्हणाला, “काका, टुवाल चांगला होता हो. फारच चांगला होता.” हाबजी म्हणाले, “घेऊन जा. खांदा सांभाळ.” मग श्रीमंत खाली आले आणि हाबजींस कवटाळून म्हणाले, “काय मसलत! शत्रूस टुवाल देऊन बुडविले!” सेनापती म्हणाले, “आमचीच आज्ञा होती.” हाबजी म्हणाले, “हुजूर, मसलत कसली? सवयीने हात गेला.” श्रीमंत म्हणाले, “मोठे मुत्सद्दी असेच बोलतात,” आणि कारभार कायम करून वर खास आपल्या तळ्यावरची इनामे पाठविली: बदकांची जोडी, मैदानाच्या कडेस ठेवण्यास पिंजऱ्यासहित, आणि पिंजऱ्यास दारच नाही, सदा उघडा.

येणेप्रमाणे अडतीस लढाया, सतरावी जागा, किल्लेदाराची बोटे कोरडी, धन्याची मांडी बरी. हाबजींनी पुढील आषाढी रेषा पूर्ववत बाहेर घेतल्या. सांप्रत त्या दहा हात गवतावर बदके चरतात आणि जाताना मान वळवून पाहतात. लिहिणाराने स्वतः पाहिले आहे. हसतात.